मानाची उडी

नाशकाच्या लोकांना शिमग्यापासून रामनवमीपर्यंत दुसरं काही कामच नसतं, असं लग्न होऊन आल्या आल्या माझं मत झालं आणि ते अजून बदललेलं नाही. होळी झाली की दुसऱ्या दिवशी घराघरांतले वीर वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, निघायचे. देव्हाऱ्यातले टाक हातात घेऊन माणसं नाचायची आणि देवांना गंगेत अंघोळ घालायची. मग रंगपंचमी. मग चैत्रात रामाचा रथ. मधल्या रविवारी टांगे करून सोमेश्वरच्या धबधब्यावर, नाहीतर तपोवनात, नाहीतर पांडवलेण्यांवर. आमच्या देवळ्याकडे फाल्गुन-चैत्र म्हणजे कांदा काढायचा, पाती कापायच्या आणि कंबर मोडून घ्यायची. इथले लोक नदीकाठी दशम्या सोडून बसलेले बघून मला पहिल्यांदा रागच आला. रिकामटेकडे मेले, असं मनात म्हणायचे, आणि टांगा दारात आला की सगळ्यांच्या आधी चढून बसायचे.

सन तीस उलटून दोनतीन वर्षं झाली असतील. मी सोळा-सतराची. बोली देवळ्याची, त्यामुळे आहे म्हणायच्या जागी तोंडातून 'शे' निघायचं. "पानी तपेल शे" म्हटलं की चुलतजावा तोंडाला पदर लावून हसायच्या. मग मी बोलणंच कमी केलं. सगळी आळी म्हणायला लागली, सून किती मर्यादशील आहे बघा. कसली मर्यादशील, माझं कप्पाळ. तोंड उघडायची लाज वाटायची, एवढंच.

सासऱ्यांचं भुसाराचं दुकान होतं आणि घराला एक मान होता. तो मान दुकानापेक्षा मोठा. नाशकात काही पेठांमध्ये रस्त्याच्या खाली जुने हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर ती लाकडांनी आणि मातीने बुजवलेली असते, वरून बैलगाड्या जातात. रंगपंचमीच्या आधी ती उकरायची, धुऊन काढायची, पाण्याने भरायची आणि मोठमोठ्या कढयांत फुलं उकळून केलेला रंग तीत ओतायचा. मग दुपारी पूजा करून माणसं धडाधड उड्या टाकतात. रहाडीत एकदा बुचकळून निघालं की उन्हाळा बाधत नाही म्हणतात. रहाड चांगली दोन पुरुष खोल. पण पहिली उडी कोणीही टाकायची नाही. आमच्या पेठेतली पहिली उडी आमच्या घराची होती. मानकऱ्याने नारळ फोडायचा, उडी टाकायची, वर येऊन चार ओंजळी रंग लोकांवर उडवायचा, तोवर दुसऱ्या कोणी पाण्याला पाय लावायचा नाही.

ही उडी माझे सासरे टाकायचे. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. त्यांच्या उडीने समोरच्या घराच्या माडीपर्यंत रंग उडतो, असं पेठेत सांगायचे. त्या हिवाळ्यात मात्र त्यांचे गुडघे धरले. वैद्याने गार पाण्यात उतरायचं नाही असं बजावलं. होळीच्या आठवडाभर आधी जेवता जेवता ते म्हणाले, "औंदा उडी पोरगा टाकेल. कधीतरी घ्यायचीच आहे त्याला." मुलगा म्हणजे माझा नवरा, एकुलता. हे मान खाली घालून भात कालवत राहिले. माझ्या सासूबाईंच्या हातातला भाताचा चमचा मात्र पातेल्यात पडला. मला वाटलं, लेकाला मान मिळाला म्हणून बाईचं ऊर भरून आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी परसात गेले. हे गंगेवर पोहायला म्हणून निघून गेलेले होते, रोज जायचे. मामंजी दुकानाच्या वाटेला लागलेले. आणि सासूबाई यांचा कोरडा पंचा घेऊन हौदाशी उभ्या. त्यांनी तो पाण्यात बुडवला, पिळला, नीट झटकून दोरीवर घातला. मागे वळल्या तर मी.

मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. "आत्याबाई, हे काय करी राह्यनात?" घाईत माझी बोलीच बाहेर पडली.

त्या घाबरल्या नाहीत. चुलीजवळ घेऊन गेल्या आणि हळू आवाजात सांगून टाकलं. यांच्याआधी त्यांना एक मुलगा होता. सहा वर्षांचा. तो गंगेत गेला. त्यानंतर झालेल्या या मुलाला त्यांनी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी जाऊ दिलं नाही. मामंजींना हे चालणारं नव्हतं. गंगेकाठचं पोर आणि पोहत नाही म्हणजे काय, लोक तोंडात शेण घालतील. म्हणून मायलेकांनी मिळून झाकली मूठ ठेवली होती. हे पहाटे उठून गंगेवर जायचे, पायरीवर बसून तोंड धुवायचे, केस ओले करायचे आणि यायचे. ओल्या पंच्याची सोय आई करायची. शिमगा आला की पोराला मामाकडे विंचूरला पाठवून द्यायची, म्हणजे रहाडीचा प्रश्नच नको. लग्न झालं तसं ते बंद झालं. पहिल्या वर्षी सुनेला सोडून मुलगा मामाकडे कसा जाईल?

"तोंड उघडू नकोस," त्या म्हणाल्या. मी उघडलं नाही. पण मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आमच्या गावात नदी नाही, दोन विहिरी आहेत, आणि पाच वर्षांचं पोर पाठीला वाळका भोपळा बांधून त्यात उडी घेतं. मी स्वतः घेतली होती. माझ्या थोरल्या भावाने मागून ढकललं होतं, दुसऱ्या दिवशी मी त्याला ढकललं. आणि मला दिलं कुठे, तर गंगेच्या काठी, पाण्याला घाबरणाऱ्या माणसाला. आबांनी, माझ्या वडिलांनी, जावई बघताना घर पाहिलं, दुकान पाहिलं, मान पाहिला. हे कोण बघणार.

होळीच्या आधीच्या रविवारी आम्ही सोमेश्वरला गेलो. सासूबाई, दोन चुलतजावा, मी, हे आणि यांचा चुलतभाऊ. चुलतभाऊ म्हणजे आडदांड माणूस, पाण्यात म्हैस बसेल तसा तासन् तास बसायचा. धबधब्याचं पाणी तेव्हा उन्हाळ्याकडे झुकलेलं असतं, दोन-तीन धारा राहतात, पण खालचा डोह भरलेला. कितीतरी मंडळी आली होती. कातळावर सतरंज्या, द्राक्षांचे घोस, चिवड्याचे डबे, पोरांचा कालवा. चुलतदीराने कातळावरून डोहात उडी घेतली आणि खालून यांना हाक मारली, "ये की रे, मानकरी. जरा हात मोकळे कर."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "पडसं झालंय त्याला." जावांनी एकमेकींकडे बघितलं. हे पाण्याकडे पाठ करून बसले होते आणि द्राक्षं निवडत होते, सडकी एका बाजूला, चांगली एका बाजूला. एकही खात नव्हते. मला सगळं समजलंय हे यांना तेव्हा माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण परत येताना टांग्यात हे माझ्याकडे बघेनात.

मी पण गप्प बसणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी एकांत साधून म्हटलं, "पहिल्या होळीला मला माहेरी न्यायचंच आहे, तुम्हीही चला. आमच्या मळ्यातली विहीर आहे, भाऊ आहे. चार दिवसांत हातपाय मारता येतील. कोणाला कळणार नाही." आणि शहाणपणा करून वर जोडलं, "नाहीतर मी शिकवते."

यांचा चेहरा असा झाला, जशी मी यांना थप्पडच मारली. "बायको शिकवणार मला?" एवढंच म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "लोक असतात काठावर. ओढून काढतात." माझं माहेरी जाणंही त्या वर्षी राहून गेलं. मला वाईट वाटलं आणि रागही आला. मनात म्हटलं, बुडा मग. असं म्हणावं का नवऱ्याला? पण म्हटलं खरं.

रंगपंचमीला आबा देवळ्याहून आले. पांढरा फेटा, नवं धोतर, जावयाचा मान बघायचा म्हणून. मामंजींनी त्यांना रहाडीच्या अगदी काठाशी, आपल्या शेजारी उभं केलं. रस्ता माणसांनी गच्च भरला होता. रहाडीतला रंग पिवळाधमक, वर फेस, बोटभर खालचं दिसत नव्हतं. आम्ही बायका समोरच्या घराच्या माडीवर, खिडक्यांत. पुढे सासूबाई, त्यांच्या मागे मी, मागे जावा आणि पेठेतल्या बाकीच्या.

पूजा झाली. यांनी नारळ फोडला. डफ वाजायला लागला. हे काठावर उभे राहिले, अंगावर नुसता पंचा. चुलतदीर पलीकडच्या काठावर होता. वरून मला यांचे पाय दिसत होते. पायाची बोटं दगडाला घट्ट धरलेली. डफवाला वाजवून वाजवून थांबला, पुन्हा सुरू झाला. कोणीतरी म्हणालं, "अहो, मुहूर्त टळेल की." लोक हसले. यांनी हात वर केले.

आणि माझ्या पुढे सासूबाई उभ्या राहिल्या. जन्मात ज्यांचा आवाज मी घराच्या उंबऱ्याबाहेर ऐकला नव्हता त्या बाई सगळ्या पेठेसमोर, नवऱ्याला हाक मारून ओरडल्या, "अहो, थांबवा त्याला. त्याला पोहता येत नाही. मीच शिकू दिलं नाही."

मला भिंतीत शिरावं असं झालं. खाली माझा बाप उभा, मागे जावा, सगळी नजर आमच्या खिडकीवर. मी मागून सासूबाईंचा पदर ओढायला लागले. "आत्याबाई, बसा. बसा हो खाली." पदर डोक्यावरून घसरला तरी त्या बसेनात.

डफ थांबला. मामंजींनी वर बघितलं, मग यांच्याकडे. "काय रे? खरं आहे का?"

एवढ्या माणसांत कोणीही हसत नव्हतं. यांनी एक शब्द बोलायचा होता. मामंजी रागावले असते, चार दिवस पेठ बोलली असती, पाचव्या दिवशी विसरली असती. हे वर खिडकीकडे बघून जरासे हसले. "नाही हो. तिला आपली भ्यायची सवय आहे. येतं मला." आणि उडी टाकली.

रंग उडाला, लोक ओरडले, डफ सुरू झाला. फेस पुन्हा मिळून आला. हे वर येईनात. लोकांना वाटलं, दम दाखवतोय. मला विहिरीत वाढलेलीला कळत होतं की माणूस दम दाखवतो तेव्हा पाणी वरून असं गुरगुरत नाही. सासूबाईंनी खिडकीचे गज धरले होते. आता त्या ओरडत नव्हत्या. मी ओरडायला हवं होतं, आणि माझ्या तोंडाला कुलूप. मी काय विचार करत होते सांगू? माझ्या तोंडून 'शे' निघेल आणि जावा हसतील, हा.

चुलतदीराने रीत मोडली. "मानकऱ्याला एकट्याला मजा होय?" असं काहीतरी बरळत त्याने उडी घेतली, खाली गेला आणि यांना काखेत धरून वर घेऊन आला. वर येताना यांचा एक हात धरून उंच केला. झालं. पेठ आनंदाने वेडी झाली. हे काठाला धरून पिवळं पाणी ओकत होते आणि चुलतदीर सांगत होता की आमच्या भावाने सगळ्या पेठेच्या वाटणीचा रंग एकट्याने पिऊन टाकला. लोक हसून हसून बेजार. मग जो तो धडाधड उड्या टाकायला लागला.

खालून कोणीतरी मान वर करून विचारलं, "काय काकू, पोहता येत नाही म्हणत होतात ना?"

सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "येतं त्याला," त्या म्हणाल्या. "मीच भ्याले उगाच."

मामंजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बायकांना खिडकीत बसवलं की हे असंच व्हायचं." त्यावर पुन्हा हशा. जावा तर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. त्यानंतर किती वर्षं पेठेतली टवाळ पोरं सासूबाईंना बघून म्हणायची, काकू, येतं मला. हे बरोबर असले तरी म्हणायची. हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आबा निघायच्या आधी माझ्याकडे आले. पाण्यात उतरलेला माणूस कोण आणि पाण्यात पडलेला कोण, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी दोन विहिरी खणल्या होत्या. हळूच विचारलं, "पोरी, जावईले पव्हता येत नही ना?"

"येतं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापाशी शहरातल्या बोलीत बोलले. आबांनी माझ्याकडे बघितलं, फेटा सारखा केला आणि म्हणाले, बरं. मग गाडीत जाऊन बसले.

दिवेलागणीच्या आत सासूबाईंनी यांना न्हाऊ घातलं. कानांतून, नाकातून रंग निघत होता. त्या लहान पोराला घालावं तसं तांब्यातांब्याने पाणी ओतत होत्या आणि हे पाठमोरे बसून राहिले होते. आई असं नाही, बाई असं नाही, काही नाही. अंग पुसून माडीवर निघून गेले. मला तो पाठमोरा माणूस बघून आतून शिसारी आली, आणि शिसारी आली म्हणून माझीच लाज वाटली. न्हाणीत पिवळं पाणी तुंबलं होतं, ते मी खराट्याने लोटत होते. शेवटी राहवेना.

"आत्याबाई, तुम्ही का म्हणालात येतं त्याला? खरं बोललात तर बोललात. सगळ्यांनी तुमचं हसं केलं. यांनीसुद्धा."

त्या बंबापाशी बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत पिवळे. "वर आला ना," त्या म्हणाल्या. "आता लोकांत त्याचं तोंड कशाला काळं करू?"

"पण तुमचं झालं."

त्यांनी हात पदराला पुसले. मग सांगायला लागल्या, मोठ्या मुलाचं. तो कसा गेला हे त्यांनी तोवर सांगितलेलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. घरातल्या कोणाच्या तरी दिवसांसाठी सगळे गंगेवर गेले होते. पायऱ्यांवर त्यांचे सासरे, चुलतसासरे, दीर, गुरुजी, सगळे पुरुष ओळीने बसलेले. या बाजूला बायका. मुलगा शेवटच्या पायरीवर पाण्याशी खेळत होता. शेवाळावरून त्याचा पाय सरकला, ते आत्याबाईंनी बघितलं. दुसऱ्या कोणी बघितलं नाही.

"आमच्या वेळी सासऱ्यांना सुनेचा आवाज ऐकू जायचा नाही गं. जन्मात गेला नव्हता. मी उठले. धावायचं पण नव्हतं, पुरुष बसलेले. भरभर चालत माझ्या सासूबाईंपाशी गेले आणि त्यांच्या कानात सांगितलं."

मी खराटा घेऊन तशीच उभी राहिले.

"त्यांना आधी नीट कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी पुन्हा सांगितलं. कानातच."

माडीवर हे खोकत होते. खोकला ऐकून त्यांनी मान वर केली, थांबला तशी खाली घातली. मला रडू आलं. मी म्हणाले, आत्याबाई, मघाशी मी तुमचा पदर ओढत होते.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी माझा पदर कोणी ओढला नव्हता. मी आपली आपणच गप्प राहिले." मग उठून त्यांनी बंबात दोन लाकडं सारली, कारण मामंजींची अंघोळ अजून व्हायची होती.